खाटेखालचे तेल

१३ नोव्हेंबर १९७८, सोमवार

काल जयदेव आणि सूनबाई विद्यावती क्वात्र बोर्नहून जेवायला आली होती. जयदेव सरकारी बांधकाम खात्यात आहे. रस्त्याच्या डांबराचे बघतो. त्याच्या ऑफिसात विलायती मासिके येतात. जेवता जेवता त्याने सहज सांगितले की जमिनीखाली तेल सापडायचे दिवस सरत आले आहेत. मोठ्या विहिरी सगळ्या पूर्वीच सापडून गेल्या. आता वर्षभरात माणसे जितके जाळतात तितके नवे सापडत नाही.

मी विचारले, "मग पुढे काय?"

"पुढे काय, बाबा? एक दिवस उतार लागणार. कोणी म्हणतं वीस वर्षांत, कोणी म्हणतं पन्नास. कोणी म्हणतं लागणारच नाही. शिकलेली माणसं आपसात भांडतायत. आई, रुगाय राहिलाय का थोडा?"

देवकीने त्याला टोमॅटोचा रुगाय वाढला. माझा घास तोंडातच राहिला.

मुलगा हे सांगून मोटारीत बसून निघून गेला. मला झोप आली नाही. मनात ठेवले की माझी छाती धडधडते, म्हणून आजपासून लिहून ठेवतो. मी गावच्या बैठकेत, म्हणजे आमच्या संध्याकाळच्या शाळेत, मराठीची तीन पुस्तके शिकलो, त्यामुळे चुका होतील.

मी फ्लाकच्या बाजूला रेल्वेचे फाटक सांभाळत होतो. गाडी बंद होणार असे कोणी म्हणाले की आम्ही सगळे हसायचो. इंग्रजाने या बेटावर घातलेले लोखंड बंद कसे होईल? एका सकाळी माणसे आली आणि माझ्या डोळ्यांसमोर रूळ उचलून घेऊन गेली. फाटक तेवढे उभे राहिले, दोन्ही अंगांना ऊस. तेव्हापासून मी कशालाच हसत नाही.

२ डिसेंबर

नंदलालच्या दुकानात वाद झाला. बाकावर चार माणसे होती. मी तेलाचे सांगितले तर नंदलाल तराजू सोडून हसायला लागला.

"चाचा, माझा बाप या दुकानात बसायचा तेव्हाही हेच ऐकत होतो. तेल संपलं, तेल संपलं! भाव चढला की नवी विहीर सापडते बघा. आयो, अरबांना कळलं पाहिजे, आपले परशुराम चाचा काळजीत आहेत!"

मी म्हणालो, "आपल्याच समुद्रात नाझारेतच्या उथळ पाण्यात तेलासाठी जहाज लावून भोक पाडलं होतं ना तीन-चार वर्षांपूर्वी? काय मिळालं?"

बंदरावर कामाला असलेल्या एकाने सांगितले की वर पोवळ्याचा चुना लागला आणि खाली काळा दगड.

"तोच दगड," मी म्हणालो, "जो आपण ऊस लावताना शेतातून काढून ढीग घालतो. समुद्राच्या तळाशीही तोच. म्हणजे सगळीकडे तोच निघणार."

"मग चाचा, दगड साठवून ठेवा," नंदलाल म्हणाला. सगळे हसले. मीठ घेऊन घरी आलो.

२० जानेवारी १९७९, शनिवार

इराणचा राजा देश सोडून गेला. रेडिओ फ्रेंचमध्ये भरभर बोलतो, मला निम्मे कळते, पण तेल हा शब्द चार वेळा आला. तिकडच्या विहिरी बंद पडल्या आहेत.

आज मी ठरवले. घासलेट, ज्याला इथे आम्ही सगळे पेत्रोल म्हणतो, ते थोडे थोडे करून आणायचे. एका दुकानातून नाही, लोकांच्या डोळ्यांवर येईल. थोडे लालमतीहून, थोडे फ्लाकहून. पहिले दोन डबे आमच्या खाटेखाली ठेवले. नव्या स्वयंपाकघरात ठेवले तर खिडकीतून दिसतात.

देवकी म्हणाली, "अहो, झोपायच्या खोलीत? वास डोक्यात चढतो."

मी म्हणालो, "सवय होईल." खिडकी उघडी ठेवून झोपायचे म्हणते. चोर आले तर? मी लावून घेतली.

११ मार्च

खाटेखाली आता जागा उरली नाही, कपाटामागे ठेवतो आहे.

पण नुसते साठवून काय उपयोग, रोज जाळतच राहिलो तर? आज स्टोव्ह गोणपाटात बांधून माळ्यावर टाकला. परसातली जुनी टिनाची चूलखोली झाडून घेतली. वीस-पंचवीस वर्षे देवकीने तिथेच रांधले, जयदेव तिथेच मोठा झाला. चुलीला ती नवे शेण-माती सारवत होती तेव्हा मी सांगितले, "पुढे सगळ्यांनाच हे करावं लागणार. आपण आधीच शिकून ठेवू."

ती म्हणाली, "मला काय शिकायचंय त्यात? शिकलेलं विसरायला वेळ लागला होता."

तिला थट्टा करायची खोड आहे.

सुरूची लाकडे परसातून आणली, पेरूच्या फांद्या आहेत, उसाची पाचट फुकट मिळते. पोळी चुलीवरची चांगलीच लागते. मी तिला तसे सांगितले.

३० जून

आमच्याकडची जून-जुलैची थंडी पडली आहे. देवकीला तिचा जुना खोकला परत आला. स्टोव्ह घरात आला त्या वर्षापासून तो गेला होता. या वर्षीची हवा वाईट असावी. नंदलालच्या घरीही सगळे शिंकत आहेत.

बसचे भाडे वाढले. लोक आता माझ्याकडे बघून हसत नाहीत.

२७ ऑगस्ट

गणपती झाले. जयदेव-विद्यावती दोन दिवस होती. मोदक चुलीवरच केले. पाऊस होता, लाकूड ओले, चूलखोलीत माणूस दिसेना. विद्यावती तोंडाला पदर लावून बाहेर आली आणि विचारू लागली, "आई, स्टोव्ह बिघडलाय का?"

देवकी म्हणाली, "नाही गं, वर विश्रांती घेतोय."

जयदेवने मला परसात नेले. "बाबा, काय चाललंय हे? तिची छाती घरघरतेय. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"तूच सांगितलंस ना, तेल सापडत नाही म्हणून?"

"मी सांगितलं? कधी?"

त्याला आठवतही नव्हते. मी दिवस सांगितला, रुगाय सांगितला. तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "अहो, ते जगाचं चाललं होतं. तेल तुमच्या हयातीत संपत नाही. माझ्याही नाही."

"तुझ्या पोरांच्या?"

त्याने घराकडे पाहिले. विद्यावतीला दिवस गेले आहेत. म्हणाला, "ते मला ठाऊक नाही, बाबा. कोणालाच ठाऊक नाही. पण आईची छाती मला ऐकू येते."

जाताना तिला औषधाची बाटली देऊन गेला. मी मनात म्हटले, बाटलीने काम होणार असेल तर चुलीचा प्रश्न कशाला?

१० ऑक्टोबर

देवकी चुलीपुढे बसली होती. फुंकणी माझ्या हातात देऊन म्हणाली, "आज तुम्ही फुंका." मी फुंकले. जाळ लगेच धरला. यात कठीण असे काही नाही.

ती तोवर दाराच्या उंबऱ्यावर बसून बाहेर बघत होती.

२४ डिसेंबर, सोमवार

परवा वादळ येऊन गेले. क्लोदेत नाव ठेवले होते त्याचे. आम्ही खिडक्यांना फळ्या ठोकून आत बसलो. चूलखोलीचे टिन पहिल्याच तासात उडाले. तेव्हा तीन दगड मांडून आतल्या खोलीत चूल केली. देवकी म्हणाली, "आज तरी स्टोव्ह काढा."

मला भीती वाटली. आज काढला तर उद्याही काढावा लागेल. एकदा डब्याचे झाकण उघडले की ते उघडतच राहते. मी म्हणालो, "वादळ दोन दिवसांचं आहे. हे त्या दिवसासाठी ठेवलंय."

"कुठल्या दिवसासाठी?"

"तेल संपेल त्या दिवसासाठी."

तिने तांदूळ वैरले. भात झाला. घर फळ्यांनी बंद होते, त्यामुळे धूर जायला वाट नव्हती. माझेही डोळे चुरचुरले.

काल वारा पडल्यावर शेजारची भगवती पोराला पोटाशी धरून आली. तिचा नवरा साखर कारखान्यात अडकला होता. वीज नाही, दुकानात पेत्रोल नाही, बाळाचे दूध तापवायचे होते. "काका, बाटलीभर असलं तर द्या हो."

मी म्हणालो, "नाही गं पोरी. आमच्याकडे कुठलं?"

ती गेली. देवकी दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती.

आज डबे मोजायला गेलो तर कपाटामागचा एक अर्धा झालेला. मी विचारले तर म्हणाली, "भगवतीला दिलं. ते तुम्ही म्हणता ना, तेल संपायचा दिवस? तो तिच्या घरी काल आला होता."

मी रागावलो. आता गावभर कळणार. दिवसभर ती खोकत होती आणि मी तिच्याशी बोललो नाही.

७ जानेवारी १९८०

कळले आहेच. आज नंदलालने दुकानात सगळ्यांसमोर विचारले, "चाचा, खाटेखाली विहीर लागली म्हणे! बोली लावू का?" पण मी निघालो तेव्हा बाहेर येऊन हळूच म्हणाला, "चाची बाजाराला आली होती परवा. माझ्या पायरीवर दोनदा बसली. तिला दवाखान्यात दाखवा, चाचा. थट्टा नाही करत."

चालून दमली असेल. वादळाने रस्त्यावर झाडे पडली आहेत, वळसा घालून यावे लागते.

५ फेब्रुवारी

देवकीला फ्लाकच्या दवाखान्यात नेले. रात्री आडवे होऊन झोपता येत नव्हते तिला, उशा लावून बसत होती. डॉक्टर तरुण होता, इथल्या क्रेओल बोलीत बोलला. नळी लावून पुढून मागून ऐकले. विचारले, घरात चुलीवर करता का? देवकीने माझ्याकडे पाहिले. मी हो म्हणालो.

"फिनि," तो म्हणाला. म्हणजे संपवा. "धूर एकदम बंद. छाती आतून सुकली आहे हिची. घासलेटचा वासही नको."

मी त्याला सांगू लागलो की जगात तेलाची काय परिस्थिती आहे. तो ऐकत होता असे वाटले, पण दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

सुकली आहे. एवढ्याशा पोराला आतले काय दिसते?

मी एक तोडगा काढला आहे. ती लांब बसून सांगेल आणि मी रांधीन.

१७ फेब्रुवारी

भात करपतो. डाळ कच्ची राहते. ती उठून येते आणि माझ्या हातातून पळी घेते. मी तिला बोलावत नाही, तीच येते.

२ मार्च, रविवार

जयदेव मोटार घेऊन आला आणि देवकीला घेऊन गेला. माझ्याशी भांडला नाही, याचेच मला वाईट वाटले. तिची दोन लुगडी, औषधे, देवघरातला छोटा गणपती. विद्यावतीचे दिवस भरत आले आहेत म्हणून सासू हवी, असे त्याने शेजाऱ्यांना सांगितले. मला माझी इभ्रत राखल्याबद्दल बरे वाटले.

म्हणाला, "तुम्हीही चला, बाबा. तिथं गॅस आहे."

गॅस तर तेलाच्याही आधी संपेल. आणि घर उघडे टाकून कसे जाऊ? आमच्या सगळ्या बों अक्योय गावाला ठाऊक आहे आत काय आहे.

मोटारीत बसल्यावर देवकीने काच खाली करून सांगितले, "परसातली ब्रेदची पालेभाजी तोडून खा, नाहीतर पिकून जाईल." एवढेच.

२० एप्रिल

नात झाली. क्वात्र बोर्नला जाऊन आलो. दोन बस बदलाव्या लागतात. बाळ माझ्या रेल्वेच्या कंदिलाएवढे असेल. सरस्वती नाव ठेवले.

देवकी सुधारली आहे. गालांवर थोडे मांस आले. भिंतीला न धरता चालते. विद्यावतीच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळ बसून तांदूळ निवडत होती. मला बघून म्हणाली, "काय हो, किती काळे झालात! आंघोळ करता की नाही?" मी म्हणालो, धुराने. ती हसली आणि मग खोकला आला तिला, पण लहान.

१८ मे

मी आनंदाची बातमी घेऊन गेलो होतो. पुढच्या महिन्यात ऊसतोड सुरू होते, म्हणजे सुकी पाचट हवी तेवढी मिळेल. सुक्या पाचटीला धूर कमी. चूलखोलीला नवे टिन घातले आहे आणि वर धुराडे काढले आहे. हे सगळे मी एकट्याने केले.

देवकी ऐकत होती. बाळ तिच्या मांडीवर झोपले होते. मग म्हणाली, "मला घरी यायचंय. इथं सगळं चांगलं आहे, पण परसात माझा लिंबू आहे, माझी माणसं आहेत. भगवती रोज हाक मारायची. मी येते. फक्त स्टोव्ह खाली काढा."

"आणि तेल?"

"डबे त्या खोलीतून हलवा. आणि माझ्यापुरतं तेल जाळा. मी काही फार जगणार नाही. किती लागेल मला?"

जयदेव दारात होता. "आई, नाही. बाबांचा भरवसा नाही."

"त्यांनी हो म्हटलं तर ते करतात," ती म्हणाली. "हो म्हणा हो."

मी म्हणालो, "बघतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी बसची वेळ झाली म्हणून उठलो.

११ जून, बुधवार

आज सकाळी मी ठरवले की स्टोव्ह काढायचा. शिडी लावली. गोणपाटावर हात ठेवला, दोरीची गाठही सोडली. खाली रेडिओ चालू होता. अरब आणि बाकीचे तेलवाले कुठेतरी जमले आहेत आणि भाव पुन्हा चढवला आहे. एक माणूस फ्रेंचमध्ये सांगत होता की हे असेच चढत जाणार. दुसरा म्हणत होता की नाही, उत्तरेच्या समुद्रात खूप सापडले आहे, आणखी सापडेल. पहिला म्हणाला, सापडले ते एका खंडाला चार दिवस पुरेल. मी शिडीवर उभा राहून दोघांचेही ऐकले. दुसऱ्याचे बोलणे गोड होते. रेल्वेच्या साहेबांचेही गोडच असायचे.

गाठ परत बांधली. खाली उतरलो.

थोडे दिवस थांबायला हरकत नाही. ती तिथे सुखात आहे. थंडी संपली की बघू.

६ जुलै

निरोप आला की देवकीला सर्दी झाली आहे. क्वात्र बोर्नला वारा फार. मी लिंबे पाठवली.

१४ जुलै

दुकानाच्या टेलिफोनवर जयदेवचा फोन आला. नंदलाल स्वतः बोलवायला घरी आला. सर्दी छातीत उतरली आहे, इस्पितळात ठेवले आहे. जयदेव म्हणाला, घाई नको, पण या.

लाकडे पावसात उघडी होती. ती आत घेऊन उद्या सकाळी निघतो.

१६ जुलै

देवकी काल गेली. मी पोर्ट लुईला दुसऱ्या बसच्या रांगेत होतो.

३ ऑगस्ट, रविवार

तेरावे झाले. सगळे क्वात्र बोर्नलाच केले. जयदेव म्हणाला, आता इथेच राहा. मी म्हणालो, घर बंद आहे.  विद्यावती म्हणाली, "मी बाबांना सोडून येते, आईंचे कपडेही बघते." बाळाला आपल्या माहेरी ठेवून माझ्याबरोबर बसने आली. वाटेत मी तिला फ्लाकची ती जागा दाखवली जिथे फाटक होते. तिने पाहिले.

घरी आल्यावर तिने सगळ्या खिडक्या उघडल्या. मी चुलीला लागलो. पाऊस पडून गेला होता, पाचट पेटेना. मी फुंकत राहिलो. मला दम लागला. विद्यावती दारात येऊन उभी राहिली, मग आत गेली आणि शिडी लावून माळ्यावर चढली. मी म्हणालो, "अगं, पडशील." तिने गोणपाट खाली ओढले, स्टोव्ह काढला, राख लावून पुसला, पिनेने भोक साफ केले. मला स्टोव्ह पेटवता येत नाही. ते नेहमी देवकीच करायची.

"किती दिवस बंद होता, बाबा?"

"गेल्या वर्षीच्या मार्चपासून."

तिने खाटेखालून एक डबा ओढला. मी तिला अडवले नाही. तिने स्टोव्हची टाकी भरली, पंप मारला, जाळ निळा झाला. भात झाला, डाळ झाली, दुधाचा चहाही झाला. मी शेजारी पाटावर बसून बघत होतो. जेवण झाल्यावर मी टाकीचे झाकण काढून काडी घालून पाहिले.

फार थोडे उतरले होते. मला वाटले होते त्याच्या पाव हिस्साही नाही. मी विद्यावतीला काडी दाखवली. मी सांगितले की या हिशेबाने घरात आहे तेवढे तेल दोन माणसांना कितीतरी वर्षे पुरले असते. आम्हा दोघांच्या आयुष्याला तर नक्कीच पुरून उरले असते. हे मला आधी ठाऊक नव्हते. मी कधी मोजून पाहिलेच नव्हते, कारण स्टोव्ह पेटवायचाच नव्हता.

ती ताट धूत होती. तिचे हात थांबले.

मी म्हणालो, "म्हणजे अजून बरेच आहे, काळजी नाही. सरस्वतीसाठीही राहील."

तिने ताट तसेच ठेवले आणि परसात गेली. बराच वेळ लिंबाजवळ उभी होती. आत आली तेव्हा तिचे डोळे लाल झालेले होते. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, आणि घरात धूर कुठेच नव्हता.